मॉर्डिन मला आवडतो, पण त्याला माफ करणारी मी कोण?



“ताई, तुम्हाला हा डॉक्टर आवडतोच कसा?”

रांजणगावच्या एका खोलीवर मला हा प्रश्न विचारला गेला. विचारणारा पोरगा मराठवाड्यातला, डिप्लोमा झालेला, एमआयडीसीत कंत्राटावर कामाला. पत्र्याच्या एका खोलीत चौघे राहतात. एक रात्रपाळी करून येतो तेव्हा दुसऱ्याची गादी रिकामी झालेली असते, म्हणून गाद्या दोनच. रविवारी ज्यांना सुट्टी असेल ती पोरं जमतात. कधी कामगार कायदा वाचतो, कधी संविधान सभेतली भाषणं. त्या रविवारी विषय ठरला होता पीएफचा. मी पोचले तेव्हा लॅपटॉपभोवती घोळका होता आणि पडद्यावर मोठ्या डोळ्यांचा, भरभर आणि तोडक्या वाक्यांत बोलणारा एक म्हातारा शास्त्रज्ञ चक्क गाणं म्हणत होता. मी बोलून गेले, “अरे, हा तर मॉर्डिन! माझा आवडता.” आणि मग वरचा प्रश्न आला. पीएफ राहूनच गेला.

चळवळीतल्या काही ज्येष्ठांना व्हिडिओ गेमवर लेख म्हणजे वेळेचा अपव्यय वाटेल. त्यांनी आठवून पाहावं, त्यांच्या तरुणपणी कर्णावर किती रात्री वाद झाले. ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि मराठी घराघरांत कर्ण नायक झाला. सूतपुत्र म्हणून हिणवलेला, शस्त्रस्पर्धेत जात विचारून अडवलेला कर्ण आपल्याही माणसांना जवळचा वाटला. पण भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा, तिची वस्त्रं उतरवायला सांगणारा कर्णही महाभारतातच आहे. मित्रासाठी सगळं करणारा तो मित्राच्या पापातही सोबत होता. त्याच्यावर प्रेम करताना या प्रसंगाचं काय करायचं, यावर आपण बहुतेक वेळा डोळे मिटले. आजची पोरं तोच प्रश्न लॅपटॉपवर सोडवतायत, आणि तिथे डोळे मिटता येत नाहीत, कारण पुढचं बटण त्यांनाच दाबायचं असतं.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘मास इफेक्ट’ हा कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा तीन भागांचा गेम. २००७, २०१० आणि २०१२ साली हे भाग आले, २०२१ मध्ये तिन्ही एकत्र करून पुन्हा काढले. माझ्या एम.ए.च्या काळात वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर मी तो आळीपाळीने खेळले. खेळणारा शेपर्ड नावाचा अधिकारी असतो, स्त्री किंवा पुरुष. वेगवेगळ्या ग्रहांवरचे सोबती घेऊन तो एका मोठ्या संकटाशी लढतो. त्यातलाच एक सोबती मॉर्डिन सोलस. सॅलेरियन नावाच्या हुशार, अल्पायुषी जमातीतला. दुसऱ्या भागात तो भेटतो तेव्हा साथीच्या रोगाने ग्रासलेल्या गरीब वस्तीत फुकट दवाखाना चालवत असतो. विनोदी, चपळ, कामाला वाघ. असा डॉक्टर आपल्या तालुक्यात असता तर त्याच्या नावाने चौक झाला असता.

मग हळूहळू कळतं की याच माणसाने एका अख्ख्या जमातीच्या गर्भाशयांवर काम केलेलं आहे.

ती जमात क्रोगन. त्यांचा इतिहास त्या पोराने मला आपल्या शब्दांत सांगितला, तो असा. दुसऱ्या एका शत्रूशी लढायला माणसं हवी होती म्हणून सॅलेरियनांनी क्रोगनांना त्यांच्या उजाड ग्रहावरून बाहेर आणलं, हत्यारं दिली. त्यांनी युद्ध जिंकून दिलं. नंतर त्यांची संख्या वाढली, त्यांनी जमिनी मागितल्या, घेतल्या, लढाया झाल्या. तेव्हा सॅलेरियनांनी एक जैविक अस्त्र बनवलं आणि ट्युरियन नावाच्या लष्करी जमातीने ते सोडलं. जेनोफाज. त्यानंतर हजारातलं जेमतेम एक गर्भारपण जिवंत मुलापर्यंत पोचू लागलं. पोरगा म्हणाला, “ताई, लढायला आपण आणि नंतर बाहेर पण आपणच. हे कोरेगाव झालं.”

रांजणगावातून पुण्याकडे निघालं की याच नगर रस्त्यावर कोरेगाव भीमा लागतं. १ जानेवारी १८१८ ला तिथे महार सैनिक इंग्रजांच्या बाजूने लढले, त्यांची नावं स्तंभावर कोरली गेली. आणि त्याच शतकाच्या शेवटच्या दशकात ‘लढवय्या जमाती’ नावाच्या सिद्धांताखाली महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी सरकारला निवेदन दिलं. पोराची तुलना चुकीची नव्हती. पण मी त्याला एका जागी अडवलं. गेममध्ये क्रोगन ‘रक्तानेच’ हिंसक दाखवलेत. एका अख्ख्या जमातीचा स्वभाव एकच, जन्मतः ठरलेला. ही कल्पना आपल्याला कुठे भेटली आहे? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात. दौंड-शिरूर पट्ट्यातल्या पारधी वस्तीवर चोरीची खबर आली की पोलिसांची गाडी आधी कुठे वळते, ते आजही पाहायला मिळतं. गेम बनवणाऱ्यांनी क्रोगनांच्या बाजूने कितीही सहानुभूती ठेवली, तरी मुळातला हा साचा त्यांनी तोडलेला नाही. आणि मॉर्डिनचा सगळा हिशोब याच साच्यावर उभा आहे.

त्याचा हिशोब ऐकण्यासारखा आहे. मूळ जेनोफाज त्याने बनवला नाही, तो शेकडो वर्षांपूर्वीचा. क्रोगनांची शरीरं त्याला सरावत चालली होती, जन्मदर वर सरकत होता. तेव्हा मॉर्डिन ज्या गटात होता त्याने गुपचूप सुधारित जेनोफाज सोडला. त्याचं म्हणणं असं की हे केलं नसतं तर पुन्हा महायुद्ध झालं असतं आणि त्यात क्रोगन समूळ मारले गेले असते. आम्ही त्यांची संख्या नष्ट केली नाही, स्थिर ठेवली. आकडेमोड बिनचूक होती. आणि हे कोणीतरी करणारच होतं, तर चुका करणाऱ्या दुसऱ्या कोणापेक्षा मी केलेलं बरं.

हा शेवटचा युक्तिवाद मी माणसांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की गेममध्ये ऐकताना अंगावर काटा आला. अतिक्रमण हटवणारा अधिकारी हेच म्हणतो. कंत्राटदाराकडे नोकरी करणारा आपलाच बाबू हेच म्हणतो. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, पण त्या आणीबाणीच्या वर्षभरात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना ‘केस’ आणायचं टार्गेट होतं. माझी आजी सांगायची, वाड्यातला माणूस केस होत नाही, महारवाड्यातला होतो. ज्यांनी ते टार्गेट पुरं केलं त्यांच्यातही चांगले शिक्षक होते. पोरांना मन लावून शिकवणारे.

तर मग मला मॉर्डिन का आवडतो?

याचं उत्तर शोधताना मला गेल्या हंगामातली एक बाई आठवत राहिली. दौंडकडच्या उसाच्या फडाजवळ टोळीच्या कोप्या होत्या, मी आरोग्य तपासणीच्या नोंदी घ्यायला गेले होते. बाई बीड जिल्ह्यातली, तिशीही नाही. दोन लेकरं झाल्यावर पिशवी काढलेली. अंगावरून जायचं म्हणून दाखवायला गेली, डॉक्टर म्हणाले कॅन्सर होईल, काढून टाक. मुकादमाची उचल अंगावर होती आणि पाळीच्या दिवसांत खाडा झाला की जोडीचे पैसे कापले जायचे, म्हणून तिनेही हो म्हटलं. आता कंबर धरते, मोळी उचलताना डोळ्यापुढे अंधारी येते. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजलं तेव्हा बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली होती. हे आकडे मी भाषणांतून सांगत आलेय. समोर बसलेली बाई मात्र डॉक्टरबद्दल म्हणाली, “देवमाणूस हाय. पैसे पण टप्प्याटप्प्यानं घेतले.”

मला संताप आला आणि तो माझ्या तोंडावर दिसला असावा. ती म्हणाली, “ताई, तुमच्या रागानं माझी कंबर थांबंल का दुखायची?”

समाजशास्त्राच्या दोन वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिने डॉक्टरला माफ केलं होतं की माफ करण्यासारखं काही घडलंय हेच तिला कोणी सांगितलं नव्हतं? दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. पण तिला सांगण्याच्या घाईत मी तिच्या वतीने डॉक्टरला शिक्षा सुनावून मोकळी झाले होते, आणि वसतिगृहात तितक्याच घाईने क्रोगन बायांच्या वतीने मॉर्डिनला माफीही देऊन टाकली होती. दोन्ही वेळी ज्यांचं शरीर त्यांना विचारलं नव्हतं.

मॉर्डिन आपल्याला आवडतो यात एक मोठी लबाडी आहे, ती कबूल केली पाहिजे. तो आपल्या बाजूने लढतो. आपल्या जखमी माणसांवर उपचार करतो, जहाजावर हसवतो. सोबती आहे म्हणून आपण त्याचं ऐकून घेतो. तोच माणूस समोरच्या बाजूला असता तर त्याच्या हिशोबाला आपण एका शब्दात नाव दिलं असतं. आपल्याकडेही ‘आपला माणूस’ म्हटला की घरातल्या बायकोला मारणारा कार्यकर्ताही समजून घेतला जातो. “चळवळीसाठी त्याने खूप केलंय” हे वाक्य मी बैठकांमध्ये ऐकलं आहे, आणि लाज वाटते, पण एकदा गप्प बसले आहे.

तरीही तो आवडतो, आणि लबाडी बाजूला काढल्यावरही काहीतरी उरतं. ते उरतं टुचांका या क्रोगनांच्या ग्रहावर. मॉर्डिनचा जुना विद्यार्थी मेलन जेनोफाजच्या कामाने पोखरला गेलेला असतो. प्रायश्चित्त म्हणून तो इलाज शोधू लागतो, आणि त्यासाठी जिवंत क्रोगनांवर क्रूर प्रयोग करतो. त्याच्या शोधात पडक्या दवाखान्यातून जाताना मॉर्डिनला एका क्रोगन बाईचं प्रेत दिसतं. आपल्या जमातीला मुलं व्हावीत म्हणून प्रयोगाला स्वतःहून तयार झालेली बाई. पहिल्यांदाच त्याच्या आकडेमोडीला चेहरा मिळतो. त्याच्या भरभर बोलण्यात खंड पडतो. आणि इथे शेपर्ड खोदून विचारतो तेव्हा मॉर्डिन जीवनचक्राबद्दल बोलतो. सॅलेरियनांमध्ये ही कल्पना आहे, मानवी हिंदू धर्मातल्या पुनर्जन्मासारखी, असं तो चक्क सांगतो. या जन्मातल्या चुका पुढच्या जन्मी सुधारता येतील, हा विचार त्याला धीर देतो.

वसतिगृहात हा संवाद ऐकला तेव्हा मी उठून बसले होते. कॅनडातल्या लेखकांना कल्पनाही नसेल की त्यांचं हे वाक्य आमच्या खोलीत कुठे जाऊन लागलं. पुढच्या जन्मी! आपल्या पूर्वजांना हजारो वर्षं हेच सांगितलं गेलं, फक्त उलट बाजूने: मागच्या जन्मीचं भोगताय. ज्याने अन्याय केला त्याचा हिशोब पुढच्या जन्मावर ढकलायचा आणि ज्याच्यावर झाला त्याचा मागच्या जन्मावर. या जन्मात कोणीच कोणाचं देणं लागत नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आत्म्याचं संक्रमण नाकारलं, जन्मजन्मांतरी चालणारं कर्म नाकारलं, ते उगाच नव्हे.

मॉर्डिन मला खरा आवडला तो तिसऱ्या भागात, कारण तिथे तो पुढच्या जन्माची वाट पाहत नाही. मेलनच्या प्रयोगांतून वाचलेल्या काही क्रोगन बाया सॅलेरियन सरकारने आपल्या तळावर ठेवलेल्या असतात. त्यातली ईव्ह तेवढी जगते. ती जिवंत आहे ही बातमी क्रोगनांना मॉर्डिनच फोडतो, स्वतःच्या सरकारशी बेइमानी करून. मग तिच्यासोबत बसून इलाज तयार करतो. इलाज हवेत सोडायचा मनोरा कोसळत असतो आणि आत कोणीतरी जाणं भाग असतं. तो जातो. खेळणाऱ्याने त्याला अडवायचं ठरवलं तर हाच माणूस ओरडून सांगतो की माझी चूक झाली. मोठं चित्र छोट्या छोट्या चित्रांचं बनलेलं असतं, आकड्यांच्या आड आता लपता येत नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. ज्याने आयुष्यभर आकडे पुढे केले त्याने हे बोलावं, याला मी मोठेपणा मानते. ‘परिस्थितीच तशी होती’ असं तो म्हणत नाही. हे करायला मीच हवा, दुसरा चुकेल, असं मात्र तो जाताना पुन्हा म्हणतो. जुनाच युक्तिवाद, पण या वेळी किंमत त्याने स्वतः मोजलेली असते.

धम्माच्या अभ्यासकांना इथे अंगुलिमाल आठवला असेल. बुद्धांनी त्याला संघात घेतलं हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. भिक्खू झालेला अंगुलिमाल भिक्षेला गेला की लोकांची दगड-ढेकळं त्याच्यावर पडत, तो रक्तबंबाळ होऊन परत येई, आणि बुद्ध त्याला सांगत की हे सोस, हे तुझ्याच कृत्यांचं फळ आहे. संघात प्रवेश मिळाला म्हणून गावाचा राग रद्द झाला नाही. आणि त्याच सुत्तात तो अडलेल्या बाळंतिणीसाठी मंगल चिंतायला जातो. माणसं मारणारा हात प्रसूतीच्या दारात, हे वाचताना मला टुचांकाचा मनोरा आठवतो. दोन्हीकडे बदललेल्या माणसाला मान आहे आणि दोन्हीकडे जखम झालेल्यांच्या रागालाही जागा आहे.

गेमवर माझा आक्षेप इथेच आहे. मॉर्डिनला मरणाचा प्रसंग दिला, गाणं दिलं, खेळणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आणलं. ईव्हला काय दिलं? ती शहाणी आहे, धीराची आहे, तिचे संवाद सुंदर आहेत, पण ती प्रयोगशाळेतल्या टेबलावर जास्त आणि निर्णयाच्या टेबलावर कमी दिसते. तिच्या जमातीला मुलं व्हावीत की नाही हे शेवटी ठरवतो शेपर्ड, म्हणजे मी, बाहेरची. सॅलेरियन नेत्याशी गुपचूप सौदा करून इलाज बिघडवण्याची, मॉर्डिनला पाठीत गोळी घालण्याचीसुद्धा सोय गेममध्ये आहे. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागची मांडणी बाबासाहेबांची होती. तिचा रोख बाईला नको असलेलं गर्भारपण टाळता आलं पाहिजे यावर होता. साधन सरकारने द्यावं, निर्णय तिचा. ठराव फेटाळला गेला. चाळीस वर्षं उलटायच्या आत त्याच राज्याच्या विधिमंडळाने निर्णय स्वतःकडे घेणारं विधेयक मंजूर केलं. साधन तेच असतं, ते कोणाच्या हातात आहे यावर सगळं फिरतं. ईव्हच्या हातात गेमने ते पुरेसं दिलं नाही.

पोराला मी यातलं अर्धंच सांगितलं. तो दुसऱ्याच भागात होता, टुचांकावर, मेलनसमोर. (हा लेख वाचून त्याला शेवट कळेल, त्याबद्दल त्याची माफी मागते.) मॉर्डिनला त्याने मेलनवर गोळी झाडू दिली नव्हती. आता पडद्यावर शेवटची निवड होती. त्या छळातून जमलेली सगळी माहिती मेलनच्या कॉम्प्युटरमध्ये होती, ती ठेवायची की जाळायची? पोराचं मत स्पष्ट होतं: रक्ताने लिहिलेली वही आहे, जाळून टाकायची, त्यावर उभा राहिलेला इलाजसुद्धा नको. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या.

मला ठाऊक होतं की ती माहिती जाळली तर तिसऱ्या भागात ईव्ह वाचत नाही. ते मी सांगितलं नाही. एवढंच विचारलं की ज्या बाया त्या टेबलावर मेल्या, त्यातली एक तर स्वतःहून आली होती, तिला काय हवं असेल?

तो बराच वेळ काही बोलला नाही. रात्रपाळीवाला कूस बदलून म्हणाला, लाईट तरी बंद करा. पोराने माऊसवरचा हात काढला आणि लॅपटॉप तसाच उघडा ठेवून चहा टाकायला उठला.